तीन बोटं मावायले पायजे

मी अमरावतीले दाताची डॉक्टरकी शिकून राहिली, शेवटचं वर्ष. सुट्टीत अकोल्याले आली की जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्यायची तोंडं मोबाइलच्या टॉर्चनं पाहते. तोंड आलं की इथं आधी जाईचा पाला चावतात, मंग तूप लावतात, मंग म्हणतात उष्णता झाली. म्या सगळ्यायले सांगून ठेवलं, दोन हप्त्यात जखम भरली नाही तर उष्णता-बिष्णता काही नाही, दाखवायले चला.

बाबा तेवढे टाळत. म्हणत, माहे दात पक्के हायेत.

माह्या अॅडमिशनच्या दिवशी बाबानं माह्या डोक्यावर हात ठेवून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता. तंबाखूले पुन्हा हात लावणार नाही, म्हणे. म्या हे अख्ख्या होस्टेलले सांगितलं! पेशंटलेही सांगत होती, माहे बाबा सोडू शकतात तर तुमी काहून नाही?

या दिवाळीत पाणीपुरी खायले गेलो. बाबा पुरी फोडून, तुकडे करून खाऊन राहिले होते. आधी अख्खी एका घासात जायची. मले एकदम आठवलं, आई आजकाल त्यायची भाजी पण बिनतिखटाची काढते. माही पुरी हातातच राहिली.

घरी आल्याबरोबर त्यायले खाटेवर बसवलं, तोंड उघडा म्हटलं. आपली तीन बोटं उभी मावायले पायजे. दोनही मावली नाही. गाल आतून पांढरे, दोरीसारखे ताठ.

"बाबा, तुमी माह्या डोक्यावर हात ठेवला होता."

"मंग? तंबाखूले शिवलो नाही मी. नुसती सुपारी खातो."

गाल आखडतात ते सुपारीनंच. अन् पुढं त्याचा कॅन्सरही होऊ शकते. हे मी रोज दुसऱ्यायले सांगते.

आई रोज जेवणानंतर सुपारी कातरून देत होती. मी येणार असली की सुपारीचा डबा तांदळाच्या कोठीत जायचा. विचारलं तर म्हणे, तू उगाच भाषण देशीन म्हणून.

म्या कोठीत हात घातला. डब्याखाली पितळेचा अडकित्ता होता. कौंडण्यपूरच्या जत्रेतून मीच आणलेला. आईनं मांगितला होता, पूजेले लागते म्हणून.

बाबा हळूच म्हणे, "शपथ त मोडली नाही न व मी?"

म्या अडकित्ता बॅगेत टाकला अन् मोबाइलवर अमरावतीच्या सकाळच्या गाडीची तिकिटं काढली. दोन. गालाचा तुकडा तपासायले द्याचा हाय.