बाबांच्या दरजा

माझ्या वडिलांना सगळे ‘पक्का’ म्हणत. भिंत असो की सोयरीक, त्यांना सगळं पक्कंच लागायचं. गवंडीकामात त्यांच्या हाताला तोड नव्हती, आणि हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आत ते स्वतःच सांगून मोकळे होत.

आमच्या गल्लीच्या टोकाला अँग्लिकन चर्च आहे. वेदीकडचा भाग सर्वांत जुना; भिंती जाडजूड, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी. पुढच्या पिढ्यांनी मधलं लांब दालन वाढवलं, टोकदार कमानी उभ्या केल्या आणि शेवटी पश्चिमेला मनोरा चढवला. दगड मऊ, पिवळा. सांध्यांत चुना. पावसाने चुना झिजायचा आणि दगडांमधल्या दरजा पुन्हा भराव्या लागायच्या. बाबांना हा शुद्ध आळस वाटायचा. “जन्मभर तेच ठिगळ कशाला?” असं म्हणत त्यांनी सगळा चुना खरवडला आणि मनोऱ्यापासून वेदीपर्यंत दरज न् दरज सिमेंटने भरली. पाद्र्यांनी भर प्रार्थनेत त्यांना उभं करून आभार मानले. आई म्हणायची, तेव्हापासून ह्यांची मान काही खाली आली नाही.

लहानपणी आम्हाला फिरायला नेणं म्हणजे चर्चभोवती चक्कर. आम्ही झोपाळा मागायचो, ते दरजा दाखवायचे. “किल्ली खुपसून बघ. जाते का?” कधीच जायची नाही.

गेल्या वर्षी मनोऱ्याचा दगड खाली कोसळला आणि चर्चला कुलूप लागलं. जुन्या इमारतींची जाणकार बाई तपासायला आली. ती पाद्र्यांना सांगत होती ते मी ऐकलं. “भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडायची. सिमेंटने तिची वाट अडवली, म्हणून ती दगडातून निघाली आणि दगडच खाल्ला. मनोरा उतरवावा लागेल.” करायला गेले काय अन् वरती झाले पाय!

घरी मी तोंड शिवून टाकलं. गुडघ्यांमुळे बाबा बाहेर पडत नव्हते. चर्च बंद का, असं विचारलं की मी सांगायची, छप्पर गळतंय. “गळेल. छप्पर मी कुठं केलंय?” ते हसायचे. मला त्यांचा संताप यायचा, आणि मग रडू यायचं.

पण मनोऱ्याला बांबूंची परांची लागली ती त्यांना खिडकीतून दिसली. “छपरासाठी मनोऱ्याला परांची?” काठी घेऊन ते निघालेच. मी मागे धावले.

भिंतीवर त्यांच्या दरजा जशाच्या तशा, जाळीसारख्या पुढे आलेल्या. मधले दगड खोल गेलेले. बाबांनी अंगठा दाबला, तर पिवळी भुकटी पडली.

“माझ्यामुळं?”

मी त्यांच्या अंगठ्यावरची भुकटी पुसली.

तिथेच पडलेली छिन्नी-हातोडी उचलून ते स्वतःचं सिमेंट काढायला लागले. दरज हलली नाही, शेजारचा दगड निखळून पायाशी पडला. पुन्हा घाव, पुन्हा दगड. जाणकार बाईने येऊन त्यांचा हात धरला. “आजोबा, थांबा. ते निघत नाही, दगडच निघतो. आम्ही करून पाहिलंय.”

बाबांनी छिन्नी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “एखादी तरी दरज कच्ची राहिली असेल ना गं?”

मी पर्समधून घराची किल्ली काढली आणि हात पोचेल तिथवर खुपसून बघत गेले. कुठेच गेली नाही.