दुर्बिणीला लसणाचा वास

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे मावशी म्हणत, त्यामुळे तिच्या नवऱ्याला तिथे कोणी पाहिलेलं नसतानाही ते आपोआप काका झाले होते. मावशी तिथली मुख्य स्वयंपाकीण. हाताखालच्या धाकट्या स्वयंपाकिणीला आत बसवून झाकण लावता आलं असतं एवढाली पातेली, पण मावशीने मीठ कधी मोजून घातलं नाही. मूठ भरायची, दोन बोटं सैल सोडायची आणि हात झटकायचा. मग प्रत्येक पातेल्यातला घोटभर रस्सा किंवा सूप तळहातावर घेऊन चाखायची आणि म्हणायची, "सोडा." हा शब्द आल्याशिवाय वाढप्यांनी डावाला हात लावायचा नाही, असा तिथला कायदा होता. तो मावशीनेच केला होता.

त्या मावशीच्या जिभेची चव गेली. बोलायची जीभ शाबूत होती, तिला काय होतंय! पण साधा ताप आला, नाक चोंदलं, ताप उतरला, नाक मोकळं झालं, आणि चव नि वास मात्र परत आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना. मावशीने घरी सांगितलं नाही आणि कँटीनमध्ये तर ब्रही काढला नाही. जिला मीठ कळत नाही तिने "सोडा" कशाच्या जोरावर म्हणायचं? आणि ते म्हणायचं नसेल, तर मग ती तिथे कोण?

घरी काकांचं खूळ वेगळंच. बाहेरच्या खोलीतला सोफा काढून तिथे त्यांनी खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली होती. पाहुण्यांनी बसायचं कुठे, असं मावशीने विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, मासे उभ्यानेच चांगले दिसतात." पेटीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोकरमाशांची जोडी होती. मोठी होती ती मादी, तिला काका बाईसाहेब म्हणत, आणि तिच्या मागे मागे फिरणाऱ्या नराला नुसतं साहेब. ही जोडी राहायची समुद्रफुलात. फूल नावालाच, तोही प्राणीच. खडकाला धरून बसायचा आणि मऊमऊ बोटं पसरून पाण्यात डुलायचा. काकांचा सगळा जीव त्याच्यात.

पाणी उडून जातं पण मीठ मागेच राहतं, म्हणून पेटीत रोज थोडं साधं पाणी घालावं लागतं, हे ते गॅसची टाकी आणणाऱ्यालासुद्धा थांबवून समजावून सांगत. मीठ मोजायला त्यांच्याकडे एक आखूड नळी होती. तिच्या टोकाच्या तिरप्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघायचं. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्ही भेटतात त्या आकड्याइतकं मीठ. काका तिला दुर्बीण म्हणत. अलीकडे त्यांना ते बारीक आकडे दिसेनासे झाले होते, म्हणून बघायचं काम मावशीकडे आलं होतं.

एका सकाळी दुर्बिणीत बघता बघता मावशी थबकली. जीभ न लावता मीठ कळतंय की!

त्या दिवसापासून घरचं मोजून झालं की दुर्बीण तिच्या पिशवीतून कँटीनला जाऊ लागली. कोठीच्या दाराआड चमच्यात सूप गार करायचं, फडक्यातून गाळायचं, थेंब टाकायचा. पहिल्या दिवशी धाकटी आपणहून म्हणाली, "मावशी, आज सूप काय जमलंय!" मावशीने त्या दिवसाचा आकडा मनात पक्का धरला. मग काय, रोज आकडा जुळला की बाहेर येऊन तळहात चाटल्यासारखं करायचं आणि ठसक्यात म्हणायचं, "सोडा." कोणाला पत्ता लागला नाही. पत्ता लागत नाही याचंच तिला मनातून वाईट वाटायचं.

एकदा घाईघाईत तिने उकळतं सूप तसंच काचेवर टाकलं. बोट पोळलं, दुर्बीण हातातून सुटली आणि फरशीवर आपटून शेगडीखाली गेली. तिने ती काढली, एप्रनला पुसली. काच फुटली नव्हती. वाचले, असं म्हणून ती कामाला लागली.

आणि तिथून सगळं कोड्यात पडलं.

दुसऱ्या सकाळी पेटीतलं मीठ एकदम वाढलेलं दिसलं. "वाढेल कसं?" काका म्हणाले. "घातलं कोणी?" दोघांनी बाईसाहेबांकडे बघितलं. काकांनी थोडं खारं पाणी काढून साधं घातलं, तेव्हा कुठे आकडा जागेवर आला. आकडा जागेवर आला आणि फूल आखडायला लागलं. बोटं आत ओढून ते एखाद्या मिटलेल्या मुठीसारखं बसलं. गंमत म्हणजे मासे ठणठणीत. काकांनी दिवा बदलला, पंप धुतला, खडक फिरवला, शेवटी शेजारणीच्या अत्तराच्या फवाऱ्यावर संशय घेतला. रोज मावशीला विचारायचे, "मीठ बरोबर आहे ना?" ती बघायची आणि म्हणायची, "अगदी बरोबर." काका जेवताना मधेच उठून पेटीपाशी जायचे आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत यायचे.

कँटीनमध्येही आकडा अगदी बरोबर होता. पण टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या. मावशीला वाटलं, कोणीतरी मीठ चोरतंय. पण मीठ चोरून माणूस करणार काय? धाकटी चाचरत म्हणाली, "मावशी, जरा अळणी लागतंय." मावशी कडाडली, "तुला सर्दी झालीय!" बोलली खरी, पण बोलता बोलताच तिचे कान गरम झाले. आठवड्याच्या शेवटी मॅनेजरने तिला बाजूला घेतलं. "मावशी, हात आखडला तुमचा. सोमवारपासून सोडा म्हणायचं काम धाकटीला देऊ या. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा."

घरी जाताना तिचं डोकं चालेना. लोक म्हणतात अळणी, दुर्बीण म्हणते बरोबर, जीभ तर काहीच म्हणत नाही. विश्वास ठेवायचा कोणावर? सगळे मिळून खोटं बोलतात म्हणावं, तर फुलाला काय पडलंय खोटं बोलायला!

शनिवारी काकांनी बाटलीत पेटीतलं पाणी घेतलं आणि दुर्बिणीसकट मावशीलाही माशांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने आपल्या दुर्बिणीतून थेंब बघितला. "काका, मीठ फारच कमी झालंय. मासे सोसतात, फुलाला नाही सोसत."

"शक्य नाही!" दोघं एकदमच म्हणाले.

दुकानदाराने त्यांची दुर्बीण घेतली आणि तिच्यावर मीठ नसलेल्या शुद्ध पाण्याचा थेंब टाकला. "बघा. इथे शून्य दिसायला हवं. ही साध्या पाण्यातसुद्धा मीठ दाखवतेय. कुठे आपटली होती का?" मग त्याने ती नाकाजवळ नेली. "आणि लसणाचा वास येतोय हिला. काही लोक माशांच्या खाण्याला लसूण लावतात, पण दुर्बिणीला लावलेला पहिल्यांदाच बघतोय."

त्याने वरचा बारीक स्क्रू फिरवून शून्य जुळवून दिलं. काका दुर्बिणीकडे, मावशीकडे आणि पुन्हा दुर्बिणीकडे बघत राहिले.

दुकानाच्या पायरीवर मावशीने सगळं सांगून टाकलं. ताप, जीभ, कोठीचं दार, उकळतं सूप, सोमवार. सांगता सांगता तिला रडू फुटलं. "माझ्या खोटेपणापायी तुमचं फूल मेलं असतं."

"नाही मरत. मीठ हळूहळू वाढवू, एकदम नाही," काका म्हणाले. मग आठवून, "म्हणजे घरचं जेवण अळणी होतं ते..."

"घरी अंदाजानेच टाकत होते. भीतीने कमीच पडायचं."

"मला वाटलं, माझ्या बीपीसाठी. बायको किती जपते म्हणून मी चार लोकांत सांगितलं गं!"

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या स्वयंपाकाला मी कधी काही बोललोय?"

हे खरं होतं. लग्न झाल्यापासून काकांना जेवणाबद्दल एकच शब्द येत होता, छान. करपलेलं छान, कच्चं छान. मावशीने त्या शब्दाकडे लक्ष देणं कधीच सोडून दिलं होतं.

सोमवारी मावशीने दुर्बीण घरीच ठेवली. सगळ्यांसमोर धाकटीच्या हातात चमचा दिला आणि म्हणाली, "मला चव लागत नाही. कधीची लागत नाही. तू चाख, मी हात चालवते." धाकटीने चाखलं, घाबरत म्हणाली, "एक मूठ अजून. तुमची दोन बोटं सैल सोडून." मावशीने हात झटकला. धाकटीने पुन्हा चाखलं आणि मान डोलावली, पण पुढे बोलेचना. "अगं, म्हण ना!" मावशी म्हणाली. "तुम्हीच म्हणा की," धाकटी म्हणाली, "सगळे थांबलेत." मॅनेजर दारातच उभा होता. तो तिथूनच निघून गेला. पुढे तो काय करणार, हे मावशीला कळलं नाही.

संध्याकाळी समुद्रफुलाने दोन-चार बोटं बाहेर काढली होती. काका त्याच्यासमोर उभे होते. मावशीने त्यांना ओट्यापाशी बोलावलं आणि भाजीचा चमचा पुढे केला.

"छान," काका म्हणाले.

"छान नकोय मला. मीठ सांगा."

काकांनी पुन्हा चाखलं. डोळे मिटले, उघडले, खिडकीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कपाळावर घाम आला. मग खाली मान घालून, चोरी कबूल करावी तसं, ते हळूच म्हणाले, "कमी आहे."

"किती?"

"बरंच."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्या हातच्या जेवणाला नाव ठेवलं होतं. मावशीने डोळे पुसले, चिमूट भरली आणि म्हणाली, "आता सांगत राहा."