आईची ओळ, गोऱ्याचं गाणं

ऑस्ट्रेलियात युनिव्हर्सिटीत असताना मी वेरिबीजवळच्या एका भाजी पॅकिंगच्या शेडमध्ये शनिवार-रविवार शिफ्ट करायचे. तिथे आमचं तिघांचं जमलं: जिलाँगचा एक गोरा मुलगा, लहानपणापासून वेरिबीत वाढलेला एक दक्षिण सुदानी मुलगा आणि नाशिकहून आलेली मी. ब्रेकमध्ये रिकाम्या क्रेटवर ठेका धरून आम्ही रॅप करायचो. सुदानी मित्र आमच्यात सगळ्यात भारी. श्वास कुठे घ्यायचा, शब्द ठेक्याच्या किंचित मागे कसा टाकायचा, हे त्यानेच आम्हा दोघांना शिकवलं.

माझ्याकडे एक ओळ होती. आई रोज फोनवर विचारायची तीच: 'जेवलीस का, की नुसतीच पळतेयस?' ती मी ठेक्यात बसवली आणि एका ओपन माइकला म्हटलीसुद्धा. आयोजक बाई गोड हसल्या. म्हणाल्या, "छान आहे, पण इथल्या लोकांना हे कळणार नाही."

तीन वर्षांनी, पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना मिळून मी एका क्लिनिकच्या रिसेप्शनला लागले होते, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर ती ओळ ऐकली. गोऱ्या मित्राच्या आवाजात. 'पळतेयस'चं 'पलतेयस' झालं होतं. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला, "किती वेगळं, किती ताजं आहे हे."

मी गाडी कडेला घेतली. राग आला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तो निव्वळ हेवा होता. त्या आठवड्यात मी त्याचा व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल! खालच्या कमेंट्समध्ये आपलीच माणसं हरखून गेली होती, गोऱ्याच्या तोंडी मराठी म्हणून. रविवारी आईचाच मेसेज आला, व्हिडिओसकट: 'बघ गं, किती गोड बोलतो.' आपलंच वाक्य तिने ओळखलं नव्हतं.

मी सुदानी मित्राला फोन केला. तो माझ्या बाजूने चिडेल अशी माझी खात्री होती.

"त्याने माझी ओळ चोरली," मी म्हणाले.

"हो, एक ओळ. बाकीचं गाणं ऐकलंस का?"

"ऐकलं ना."

"ती म्हणायची ढब माझी आहे. श्वाससुद्धा माझा आहे."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि तू स्टेजवर जायचीस," तो शांतपणे पुढे म्हणाला, "तेव्हा अमेरिकेतल्या काळ्या मुलीसारखी बोलायचीस. नाशिकमध्ये असं बोलतात का?"

"तू तेव्हा काही बोलला नाहीस."

"तू मैत्रीण होतीस."

शेवटी मी गोऱ्या मित्राला मेसेज केला. त्याने लगेच माफी मागितली, गाण्याखाली माझं नाव टाकलं आणि शहरातल्या एका कार्यक्रमात ती ओळ स्वतः म्हणायला बोलावलं. सुदानी मित्रालाही बोलावलं, पण फक्त पाहायला. मी आग्रह केला म्हणून तो आला.

भर दुपारचा कार्यक्रम होता. गेटवर सिक्युरिटीवाल्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता हात हलवून आत जा म्हणाला. मित्राला मात्र बाजूला घेतलं, बॅग उपडी करायला लावली, तिकीट दोनदा तपासलं. आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तू जा," तो म्हणाला.

आणि मी गेले. थांबले असते तर जेमतेम दहा मिनिटं उशीर झाला असता. पण मला तो माइक हवा होता, इतका हवा होता की पळतच गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोऱ्या मित्राने माझ्या खांद्यावर हात टाकला तेव्हाही मी हेच पाहत होते, की लोक त्याच्याकडे बघतायत की माझ्याकडे.

खाली उतरून शोधलं तेव्हा सुदानी मित्र कुठेच नव्हता. तो गेटवरूनच ट्रेनने घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली.

"नो वरीज," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने मला कधी आपलं नवीन गाणं ऐकवलं नाही.