वेलबाईने लखपत सोडलं

भूकंप झाला की माणसं भिंतींपासून लांब पळतात. लखपतची वेलबाई भिंतीकडे पळायची. कच्छात जमीन अधूनमधून हलतच असते, त्यामुळे हा प्रकार गावाने बरेचदा पाहिला होता. पोरंटोरं तिला ‘धरणीची सून’ म्हणून चिडवायची. ती ऐकून घ्यायची. खरं काय ते तिने फक्त तिला आसरा देणाऱ्या हुरबाईच्या घरात सांगितलं होतं.

वेलबाई दर्यावर्दी खारव्याची मुलगी आणि नावाड्याची बायको. ती जन्मली तेव्हा सिंधूचं पाणी लखपतच्या कोटाला लागत होतं आणि सिंधमधून तांबड्या तांदळाच्या होड्या येत होत्या. तिचा नवरा पचाण त्याच होड्यांवर सुकाणू धरायचा. अठराशे एकोणीसच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्याची होडी लागल्याचं कळलं, तशी सासूला पाणी आणते म्हणून सांगून ती घडा घेऊन निघाली. बायकांची पाण्याला जायची वाट बुरुजाखालून होती, अंग चोरून जावं लागेल एवढी अरुंद. ती मध्यावर पोचली आणि जमीन हलली. घडा फुटला, धुरळ्याने डोळे मिटले. धुरळा बसल्यावर ती पलीकडे निघाली तर समोर नदीच नव्हती. नजर जाईल तिथवर पांढरी, खारट, सुकलेली जमीन. गावात परत आली तर सासरच्या घराच्या जागी बाभळी उगवलेल्या.

तिथे शेळ्या शोधत आलेल्या हुरबाईने तिला पाहिलं. हुरबाई विधवा, पदरात सुमार नावाचा लहान मुलगा. तिने आधी पाणी पाजलं, मग चौकशी केली. एकोणीसशे छप्पन साल चालू होतं. आत्ताच्या धक्क्यात तिकडे अंजार शहर पडलं होतं. वेलबाई रडत रडत सगळं सांगत गेली. हुरबाईला त्यातलं किती पटलं कोण जाणे, पण बाई व्यवहारी होती.

“ज्या दारानं आलीस, त्याच दारानं जाशील,” ती म्हणाली. “पण ते उघडेपर्यंत खाणार काय? शेळ्या राखायला येतात का?”

येत नव्हत्या. नावाड्यांच्या घरातली पोर ती, शेळ्यांनी तिला पहिले काही महिने रानोमाळ पळवलं. मग ती शिकली. लोक विचारायचे, माहेर कुठलं, नवरा काय करतो. “होडीवर आहे,” एवढंच ती सांगायची. नदी आटून शंभराच्या वर वर्षं झालेल्या गावात हे उत्तर ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसत. एकदा चांगल्या घरचं स्थळ आलं. “सवाष्णीला स्थळ आणतात का?” म्हणत तिने आलेल्यांना ताक पाजून परत पाठवलं.

वर्षं गेली. सुमारच्या लग्नासाठी ती नलियाला गेली असताना लखपतला एक हलका धक्का बसून गेला. परत आल्यावर कळलं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर तिने कोटाच्या नजरेबाहेर पाऊल टाकलं नाही. हुरबाई वारली, वेलबाईचे केस पिकले, डोळ्यांवर पडदा आला. सुमार भुजला शस्त्रक्रियेसाठी चल म्हणून मागे लागला. मी नसताना वाट उघडली तर, असं विचारून तिने त्याला गप्प केलं. पडझडीने ती वाट बुजायची. दर हिवाळ्यात ती दगड काढायची, आणि सुमार कुरकुरत मदतीला यायचा. “वेडेपणा आहे हा,” तो म्हणायचा, “पण तुझ्या एकटीवर कशाला टाकू?”

दोन हजार एकच्या जानेवारीत शाळेत झेंडावंदन चाललं होतं आणि सगळा कच्छ हादरला. कोटाचे चिरे निखळू लागले. माणसं मैदानाकडे धावली, वेलबाई बुरुजाकडे.

“मासी, माघारी फिर! बुरूज अंगावर येतोय!” सुमार मागून ओरडला.

“सुमार, शेळ्या सोड दावणीच्या!” तिने वळून सांगितलं आणि आत शिरली.

बाहेर पडली तेव्हाही समोर नदी नव्हती. तीच पांढरी जमीन. ती मटकन बसली. एवढ्या वर्षांत आपण पहिल्यांदाच हरलो असं तिला वाटलं. मग तिला डांबराचा वास आला. कोरड्या चिखलात एक होडी टेकवलेली होती आणि एक म्हातारा फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होता. डाव्या हातात हातोडी. पचाण डावरा होता. तिकडे तिची जेवढी वर्षं गेली तेवढीच इथे, तिच्या मूळ काळात, त्याचीही गेली होती.

“कुणाकडच्या तुम्ही, बाई?” म्हाताऱ्याने विचारलं.

“पाणी आणायला गेले होते,” ती म्हणाली.

हातोडी थांबली. तो तिच्याकडे बघत उठला. मग जवळ येऊन, अंतर ठेवून, जमिनीवर बसला. तिच्या हाताला हात लावण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, असं म्हणाला. तिला शोधायला बुरुजाखालची वाट उकरून उकरून थकल्यावर आईने त्याचं दुसरं लग्न लावलं होतं. बायकोचं नाव रतन. दोन मुलगे झाले. नदी आटली म्हणून गाव मांडवीला उठून गेलं तेव्हा तो हलला नाही, रतन मुलांना घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी वारली.

वेलबाईच्या काळजात कळ उठली. तरी तिने विचारलं.

“चांगली होती?”

“फार चांगली.”

“मग तू तिच्यावर अन्याय केलास, पचाण.” नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

“केला,” तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. “इथून गेलो असतो तर तू कुठे शोधलं असतंस?”

मग तिने आपणहून त्याचा हात धरला. डांबराने तो काळा झाला होता. तिने सांगितलं ते त्याने मध्ये न बोलता ऐकलं. हुरबाईचं नाव आलं तेव्हा आकाशाकडे बघून हात जोडले.

त्याने होडीच्या आडोशाला मांडलेल्या चुलीवर बाजरीचा रोटला भाजला, कांदा फोडला. खाऊन झाल्यावर वेलबाईने विचारलं, आता या खाऱ्या गावात कुणासाठी राहायचं? दोघांनीही हे गाव एकमेकांसाठीच धरून ठेवलं होतं.

“मांडवीला तुझी मुलं मला घरात घेणार नाहीत,” ती म्हणाली.

“शेजारी झोपडी बांधू. आज ना उद्या बोलतील.”

“त्यांच्याशी आधी मी बोलेन. त्यांच्या आईबद्दल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या उंटावर दोन गोधड्या आणि पाण्याची पखाल टाकली. मांडवी लांब होती. वेलबाईने त्याला आधी उंटावर बसायला लावलं, कारण त्याचा गुडघा धरत होता, आणि मोहरी, उंटाची दोरी, स्वतःच्या हातात घेतली.