आवाजी मतदान चालणार नाही

विमलकाकू गेली त्या सकाळी मी केबिन रोडवर भाजीवाल्याशी भांडत होते. तो वरचे चांगले टोमॅटो दाखवून खालचे पिशवीत भरत होता आणि मी त्याला "भैया, नीचेवाला भी दिखाओ" म्हणून अडवलं होतं. ही सगळी काकूचीच तालीम. तेवढ्यात तिच्या धाकट्या मुलाचा, अमोलचा फोन आला. "मने, आई गेली गं…" एवढंच बोलला. भाजी तिथेच टाकून मी निघाले. आता दोन महिने होत आलेत. भेटायला येणारे म्हणतात, किती शांत बाई, किती सोशिक. मला ते ऐकवत नाही. काकू शांत नव्हती आणि सोशिक तर मुळीच नव्हती. गेलेल्या माणसाला घासूनपुसून गुळगुळीत करायची आपली जी रीत आहे, तिच्यावरही ती तुटून पडली असती. ती भांडखोर होती आणि होती म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणांचं भलं झालं.

काकू परभणीकडची. लग्न होऊन भाईंदरला आली, टेलिफोन खात्यात नोकरी केली, दोन मुलगे वाढवले. दिनकरकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आमची बिल्डिंग त्यांच्या शेजारचीच, त्यामुळे माझं अर्धं बालपण काकूच्या घरात गेलं. इतर बायकांना मालिकांचा नाद असतो, काकूला सरकार कसं बनतं ते बघायचा होता. निकालाच्या संध्याकाळी खाली फटाके वाजायचे, कोणी ना कोणी पेढ्यांचा बॉक्स आणून द्यायचं. काकू हसून घ्यायची, पेढे स्टीलच्या डब्यात भरायची आणि डबा फ्रिजवर ठेवून द्यायची. पक्ष तिच्या आवडीचा असो वा नसो, कोणी हात लावायचा नाही. मग टीव्हीवर शपथविधी. एकेक मंत्री येतोय, राष्ट्रपतींसमोर शपथ घेतोय, सही करतोय, टाळ्या पडतायत. आम्ही पोरं म्हणायचो, "काकू, झालं की सरकार! दे ना पेढा." ती म्हणायची, "हे नुसतं लग्न लागलंय रे लेकरांनो. नांदवायचं का नाही, ते सभागृह सांगणार."

ती समजावून सांगायची तेही घरातल्या भाषेत. पक्षाने नेता निवडला, राष्ट्रपतींनी त्याला बोलावलं, त्याने आपल्या मंत्र्यांची नावं दिली, शपथ झाली, खाती वाटली. पण हे मंत्रिमंडळ जिला जबाबदार आहे ती लोकसभा अजून बोललीच नाहीये. तिने विश्वासदर्शक ठराव मंजूर करेपर्यंत पेढा कसला खाताय? आणि स्पष्ट बहुमत असलं म्हणून तसा ठराव आलाच नाही, तर काकू राष्ट्रपतींच्या भाषणावरचा आभाराचा ठराव मंजूर होईपर्यंत थांबायची, कारण तो पडला तरी सरकार पडतं. तोवर पेढ्यांचे दगड झालेले असायचे. मग ती ते फेकायची, पदरचे पैसे घालून ताजे आणायची आणि आम्हाला एकेक द्यायची. वेडीच होती थोडी.

पण खरं वेड तिने घरात आणलं. लोकसभेत पुष्कळदा आवाजी मतदान होतं, 'होय'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात आणि अध्यक्ष सांगतात कोण जिंकलं. ते मान्य नसेल तर सभासद मतविभाजन मागू शकतो, म्हणजे मतं मोजायला लावू शकतो. काकूला ते मोजणं फार आवडायचं. "आवाजी मतदान माझ्या घरात चालणार नाही. ज्याचा घसा मोठा तो जिंकतो, आणि या घरात घसा फक्त मला आहे. हात वर करा." बारावीनंतर मला नाशिकला शिकायला पाठवायचं नाही असं आमच्याकडे ठरलं. माझे बाबा म्हणाले, सगळ्यांचं एकमत आहे. काकू पीठ मळता मळता तशाच भरल्या हाताने आमच्या घरात आली. "सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं, भावजी? ज्या पोरीवर हा कायदा लावताय, तिचा हात कुठाय?" मी हात वर केला. मग आईने केला. बाबांसमोर आईने काही मागितल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं… मी नाशिकला गेले. आज बँकेत बसते, माझ्या पगारावर माझं घर चालतं. काकूचे उपकार वगैरे मी म्हणणार नाही, तिला तो शब्द चालायचा नाही. पण गेले ती तिच्यामुळे.

या नियमात ती स्वतःही एकदा आपटली. विरारला मोठा फ्लॅट घ्यायचा तिने चंग बांधला होता. मुलं नाचायला लागली. काका बोलले नाहीत, फक्त हात वर केला, विरोधात. काकांचं सगळं जग म्हणजे बिल्डिंगखालचा कट्टा. तिथे संध्याकाळी गुजराती, कोकणी, युपीचे असे सगळे म्हातारे बसतात, हिंदीत जगाची खरडपट्टी काढतात आणि काका ऐकतात. "तिकडे मी कोणाचं ऐकू?" काका म्हणाले. काकू आठवडाभर फुगून बसली आणि मग तिने विरारचा विषय कायमचा सोडला. पुढे काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द सापडेनासे झाले. लोक त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायला लागले, जसे ते खोलीत नाहीतच. काकू मात्र रोज सकाळी समोर उभी राहायची. "दिनकरराव, पोहे की उपमा? पोह्यांना हात." काकांचा डावा हात हळूहळू वर यायचा. डॉक्टर म्हणाले चालायला लावा, म्हणून ती त्यांना काठी देऊन रोज कट्ट्यावर नेऊन बसवायची.

काकूच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि प्रशांतदादाने, म्हणजे थोरल्याने, सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. काका काही महिने त्याच्याकडे पुण्याला, काही महिने अमोलकडे ठाण्याला. औषधपाणी त्याची बायको, आमची वहिनी बघेल, पैशाचं तो बघेल, इथला फ्लॅट भाड्याने द्यायचं अमोल बघेल. खातेवाटप झालेलं होतं. मग तो काकांकडे वळून जरा मोठ्यानेच म्हणाला, "बाबा, चालेल ना?" काकांचे ओठ हलले. शब्द येईना… दादाने क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाला, "बाबांचं काही म्हणणं नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मान्य नाही. मतविभाजन."

"मने, ही काय वेळ आहे का? आई जाऊन किती दिवस झालेत?"

"तिचंच घर आहे ना हे? मग मोज. काकांनी इथून जायचं, या ठरावाच्या विरोधात कोण?"

काकांचा डावा हात वर आला. खाली येईना. मी हात वर केला. मग वहिनीने केला. दादा तिच्याकडे बघतच राहिला. "तू?" ती म्हणाली, "मला तरी कुठे विचारलंत? बाबांचं मी सगळं करीन, हौसेने करीन. पण त्यांना यायचंच नाहीये, दिसत नाही का?" अमोलने डोळे पुसत हात वर केला आणि म्हणाला, "दादा, पडलं तुझं सरकार."

दादा चिडला होता, आणि त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. काका रात्री पडले तर काय, हा त्याचा प्रश्न खरा आहे. दिवसा एक बाई येते, बँकेतून सुटल्यावर मी असते, रात्री मी काकांकडेच झोपते, शनिवार-रविवार अमोल येतो. नातेवाइकांत माझ्या नावाने शंख चालू आहे. पुतणी असून मुलांच्या वर चढली, काकांना एकटं पाडलं. म्हणू देत. उद्या काही झालं तर सगळे मलाच धरतील, हे मला माहीत आहे. तरी काकांना विचारल्याशिवाय कोणी उचलून नेणार नाही. मी इथे आहे तोवर तरी नाही.

मागच्या रविवारी दादा आणि वहिनी आले. दादा पेढे घेऊन आला होता. त्याला बढती मिळालीय, पण बढतीबरोबर बदली आहे, नागपूरला. वहिनी पुण्यात शाळेत शिकवते. तो काकांच्या पाया पडला, बॉक्स त्यांच्या मांडीवर ठेवला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग फ्रिजकडे बोट केलं. मी काकूचा डबा काढून दिला. त्यांनी एका हाताने, एकेक करत पेढे डब्यात भरले, कोणाची मदत घेतली नाही. झाकण दाबून बसवलं. मग तेच बोट वहिनीकडे केलं आणि दादाकडे पाहिलं.

"तिला काय विचारायचं बाबा, तिला माहितीये सगळं…" दादा म्हणाला, आणि मध्येच थांबला.

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. काकांनी डबा माझ्या हातात दिला. मी तो फ्रिजवर ठेवला. अजून तिथेच आहे, बंद.