तंबोऱ्याला जागा आहे का?

कर्वेनगरहून पेठेतलं वाद्यांचं संग्रहालय रिक्षाने अर्ध्या तासावर, पण निघायला मला दोन वर्षं लागली. सुनंदा, माझी बायको, घरी गाणं शिकवायची. ती गेल्यापासून तिचा तंबोरा गवसणीत उभा आहे. घरात तो आणि मी. म्हटलं, संग्रहालयात जागा आहे का विचारू, निदान चार माणसं तरी त्याला बघतील.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: रिक्षाला शंभर-सव्वाशे होतात. स्कूटर नेऊच नका, लावायला जागा नाही. समोरच्या हॉटेलातले पोहे बरे, चहा गोडमिट्ट. आत पाटी आहे: 'वाद्यांना हात लावू नये. वाजवता येत असले तरी.' पुण्यात आहोत याची खात्री पटते.

दालनात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सारंग्या, बीन, मोराच्या तोंडाचा ताऊस. "अगं, बघ" म्हणत शेजारी वळलो आणि तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, एकट्याने बघायची जागा नव्हे ही.

पुढच्या खोलीत मुश्ताकभाई सारंगी दुरुस्त करत होते. वाद्यदुरुस्तीचं तीन पिढ्यांचं दुकान आहे त्यांचं, संग्रहालयाच्या कामाला इथे येतात. इथल्या तंबोऱ्यांच्या तारा नुसत्या लोंबताहेत, लक्ष नाही वाटतं कुणाचं, असं मी जरा टोचूनच बोललो. ते हसले. वाजवायचा नसेल तर तारा सैल करूनच ठेवतात म्हणाले, नाहीतर ताणाने लाकूड खचतं.

सुनंदाची एक शिष्या तारा सैल करायला आली होती. तिला मी दारातूनच घालवलं होतं. सुनंदाने लावलेला सूर आहे, खुंटीला हात लावायचा नाही, असं बजावून. मुश्ताकभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"साहेब, सूर केव्हाच उतरला असेल. ताण तेवढा राहिलाय. आज घरी गेल्यावर सैल करा."

जागेचं विचारायचं राहूनच गेलं.

घरी येऊन गवसणी काढली. भोपळ्यापाशी बारीक चीर गेली होती. फार वाईट वाटलं. खुंट्या फिरवण्याआधी चारही तारा एकदा छेडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

तुम्हाला सूर कधी कळायचा नाही, असं सुनंदा मला आयुष्यभर म्हणायची. तंबोरा बेसूर होता. मला कळलं ते. आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.