बिननवसाची पणती

बाळ काचेच्या पेटीत होतं आणि माझ्याजवळ देवाला कबूल करण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकट्या नातीच्या लग्नासाठी नातू आणि त्याची परदेशी बायको मार्ता धुळ्याला आले होते. मार्ताला सातवा महिना सरत आलेला. हळदीच्या दिवशीच तिला कळा सुरू झाल्या आणि पोर वेळेआधी जन्मली, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. डॉक्टर म्हणाले, आईचं दूध मिळालं तर बळ धरेल. आणि मार्ताला दूधच येईना.

नवस बोलण्यात मी पहिल्यापासून पटाईत. तरुणपणी तर भलतीच हुशार होते. मुलाला टायफॉइड झाला तेव्हा एकविरेला साडी, कानबाईला नथ, पिराला चादर असं सगळीकडे बोलून ठेवलं. मुलगा बरा झाला, पण कोणाच्या कृपेनं ते कळेना. देवादेवांत भांडणं नकोत म्हणून सगळ्यांचंच फेडलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, टेंडर काढलं होतं का?" तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. शहाणी कुठली.

दवाखान्यातही माझं तेच चाललं होतं. बाकड्यावर बसून मी एकेका देवाचं नाव घेत होते. शेजारी मार्ता बोटांत बोटं गुंतवून, डोळे मिटून बसायची. न राहवून मी विचारलं, "तू काय कबूल केलंस गं?"

"काही नाही, आजी. मी म्हणते, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." नातवाकडून शिकलेली तिची मराठी अगदी पुस्तकातली.

मी तिच्याकडे वळून बसले. "आणि त्याची इच्छा वेगळीच असली तर? आपणच आधी मोकळीक द्यायची?"

"तो पिता आहे. त्याला आपल्यापेक्षा जास्त समजतं."

"आमची आई आहे," मी म्हटलं. "बापासमोर मान खाली घातली तर घालावी. आईशी भांडता येतं. श्रावणात कानबाई घरी येते ना, तिला मी काय काय सुनावलंय ते तिलाच ठाऊक. तू कधी भांडलीस तुझ्या देवाशी?"

"देवाशी?" ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाचं वजन आणखी उतरलं. डॉक्टर काही लपवत नव्हते. आता सांगता येत नाही, म्हणाले. मार्ता उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिच्या भाषेत बोलू लागली. आधी हळू, मग आवाज चढत गेला. मला एक शब्द कळत नव्हता, आणि सगळं कळत होतं. नातू तिला गप्प करायला धावला. शिरपूरकडची एक बाई तिथं बसली होती, तिचाही नातू आत होता. तिनं माझ्या नातवाचा हात धरला. "बोलू दे तिले, भाऊ. मन मोकळं व्हई ना, ते दूध बी उतरी." मग तिनं मार्ताचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. कोण कुठली पोर, कोण कुठली बाई.

मी तशीच बसले होते. साडी नाही, नारळ नाही, काही सुचेचना. तोंडातून एवढंच निघालं, "तुझ्या मनात असेल ते होऊ दे." घाईत देवळाबाहेर दुसऱ्याच्या चपला पायांत आल्यासारखं वाटलं. पण त्या बसल्या बरोबर.

दिवस मावळायच्या आत मार्ताचा झगा दुधानं भिजला.

डॉक्टर म्हणाले, रडून ताण गेला, औषधही लागू पडलं. तसंच असेल. मी कशाला वाद घालू? तिनं माझ्याकडून भांडण उचललं, मी तिच्याकडून गप्प बसणं. त्यातलं कोणाचं कुठं पोचलं, का दोन्ही एकाच दारात गेली, ते मला ठाऊक नाही. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. तिचा नातू बरा होऊन ती गेली, तेव्हा आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे होतो.

पणतीला घरी आणलं तेव्हा गल्लीतल्या बाया जमल्या. "अक्का, कोणाला बोलल्या होत्या?"

"कोणालाच नाही."

"सांगा ना. आम्ही काय तुमचा देव पळवतो?"

त्यांना खरं वाटलं नाही. मला तरी कुठं वाटलं असतं? गॅसचा सिलिंडर वेळेवर यावा म्हणून मी आजही नारळ बोलते, आणि तो आला की मुकाट्यानं फोडते. पण त्या पोरीचं नाव ओठांवर आलं की मागणं काही सुचत नाही. नुसते हात जुळतात. माय, तुझीच आहे, म्हणते, तू बघ. मग गाढ झोप लागते, तरुणपणी कधी लागली नव्हती अशी.